व्यसनमुक्तीचं अ‍ॅप: पलीकडे कुणी बघतंय का?

गेल्या पावसाळ्यात चाळिशीतल्या एका गृहस्थांना माझ्या दवाखान्यात आणलं. हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजला होता, नाडी १२० च्या पुढे. सोबत बायको आणि मेव्हणा. दोन महिन्यांपूर्वीच ते एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आले होते. निघताना केंद्राने त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. रोज रात्री आठला ते विचारायचं, ‘आज कसं वाटतंय?’ आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यांच्या बायकोने तो फोन माझ्यासमोर धरला. पहिला महिना बहुतेक हसरे चेहरे. मग आठवडाभर मधला. मग सलग अकरा दिवस रडका. त्यापुढचे रकाने कोरे.

कोरे रकाने म्हणजे ते पुन्हा पीत होते ते दिवस. आदल्या दिवशी मुलीची शपथ घेऊन त्यांनी दारू एकदम बंद केली, म्हणून आज ही अवस्था.

“डॉक्टर, हे रोज दाबत होते हो. तिकडून एक फोन आला नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवल्यावर मी त्या केंद्रात फोन केला. समुपदेशक प्रामाणिक होता. म्हणाला, मॅडम, आमच्या स्क्रीनवर लाल खूण येते, पण ते बघायला जी मुलगी होती ती नोकरी सोडून गेली, तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. माझ्याकडे दाखल झालेले चाळीस जण आहेत, घरी गेलेल्यांचं मी कधी बघू?

व्यसनमुक्तीच्या उपचारात डिजिटल साधनं आणायची की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ती आलीच आहेत. अ‍ॅप, व्हिडिओ कॉलवरचं समुपदेशन, टॅबलेटवर भरायची प्रश्नावली, रुग्णांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर, हेल्पलाइन. म्हणून आता विचारायचं ते हे, की स्क्रीनवर लाल खूण आली तर त्या दिवशी कोण काय करणार.

गरज किती मोठी आहे

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधल्या व्यसन-उपचार विभागाने देशभर पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे साधारण १६ कोटी, दारू पितात. त्यातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाला दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. पण दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक. मधुमेहाच्या बाबतीत असे आकडे आले असते, तर गावोगावी मोर्चे निघाले असते.

इतकी मोठी दरी केवळ खाटा वाढवून भरणार नाही, हे उघड आहे. मनोविकारतज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपुरात एकवटलेले. तालुक्याच्या गावात आमच्यासारखे जनरल प्रॅक्टिशनर असतात, आणि आमच्याकडे दारूचा रुग्ण येतो तो आम्लपित्त, कावीळ किंवा पडून झालेली जखम घेऊन. दारूचा विषय तो काढत नाही, आणि खरं सांगायचं तर दुपारच्या गर्दीत आम्हीही काढत नाही.

इथे एक साधं डिजिटल साधन खरोखर कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, असे प्रश्न. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं, २० च्या पुढे गेले तर अवलंबित्वाची शक्यता बरीच. हीच प्रश्नावली बाहेरच्या बाकावर टॅबलेटवर भरून घेतली, तर माणूस जरा मोकळेपणाने उत्तर देतो. समोर ओळखीच्या डॉक्टरीणबाई बसल्या की ‘कधीतरी, लग्नाबिग्नात’ हे ठरलेलं उत्तर येतं. मराठी वाचता येत नसेल त्याच्यासाठी आवाजात ऐकवायची सोय हवी, आणि बाजूला बसलेल्या शेजाऱ्याला पडदा दिसता कामा नये, एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

घरी गेल्यानंतरचे दिवस

व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आणि उलटणारा आजार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोकांमध्ये तो पुन्हा डोकं वर काढतो. दमा आणि रक्तदाबाचंही साधारण तसंच असतं, फक्त तिथे कुणी रुग्णाला निर्लज्ज म्हणत नाही.

केंद्रात दारू समोर नसते, मित्र नसतात, वेळापत्रक असतं. घरी आल्यावर तोच रस्ता, तेच दुकान, पगाराचा तोच दिवस. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं तेव्हापासून, दाखल असतानाच्या उपचाराइतकंच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्याला आहे हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. पण दूरच्या खेड्यातला रोजंदारीचा माणूस दर पंधरवड्याला बस पकडून येऊ शकत नाही. डिजिटल साधनाची जागा नेमकी इथे आहे.

याचा पुरावाही आहे. अमेरिकेत ‘ए-चेस’ नावाच्या मोबाइल प्रणालीची चाचणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निवासी केंद्रातून घरी जाणाऱ्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याशिवाय हा फोन दिला. फोनमध्ये संकटाच्या वेळी दाबायचं बटण होतं, इतर रुग्णांशी आणि समुपदेशकाशी बोलायची सोय होती, आणि पूर्वीच्या पिण्याच्या ठिकाणाजवळ गेलं की इशारा मिळायचा. फोन असलेल्यांनी मागच्या तीस दिवसांत सरासरी १.३९ दिवस धोक्याचं मद्यपान केलं, इतरांनी २.७५ दिवस. फरक ठळक आहे, पण जादू नव्हे. आणि ते बटण दाबल्यावर कुणीतरी जागं व्हायचं, हे विसरू नये.

आपल्या जवळचं, आणि मला जास्त पटणारं उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, त्रासदायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी असलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती, आणि फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला. यात अ‍ॅप नव्हतंच. पण बारावी झालेली, नीट शिकवलेली व्यक्ती जर हे काम करू शकते, तर तेच काम ती व्हिडिओ कॉलवर किंवा साध्या फोनवरही करू शकेल असं मला वाटतं. केंद्रांनी सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी अशा दोन व्यक्तींचा पगार बाजूला काढावा.

स्क्रीनवरून जे होत नाही

हा भाग रुग्णांच्या घरच्यांनी जरा सावकाश वाचावा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू अचानक थांबवली, की सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दिवस-वार कळत नाही, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. ही जिवावरची अवस्था आहे. यात औषधं शिरेतून द्यावी लागतात, थायमिन हे जीवनसत्त्व ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं, दर काही तासांनी तपासावं लागतं. कुठलंही अ‍ॅप हे करू शकत नाही. ‘२१ दिवसांत दारू सोडा’ छापाची अ‍ॅप्स पहिल्याच दिवशी शून्यावर यायला सांगतात तेव्हा मला धडकी भरते.

२०२० च्या मार्चमध्ये देशाने हे एकदम पाहिलं. २५ मार्चला टाळेबंदी लागली, दुकानं बंद झाली, आणि लाखो लोकांची दारू एका रात्रीत, कुठल्याही तयारीशिवाय सुटली. केरळात आत्महत्या झाल्या, तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला आणि एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. योगायोग असा, की टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वंही त्याच २५ मार्चची. त्यांनी व्हिडिओ कॉलवर रुग्ण पाहायला डॉक्टरांना रीतसर वाट करून दिली. त्या दिवसांत मी फोनवर कितीतरी घरांना धीर दिला, आणि त्याच फोनवर कितीतरींना ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा’ असंही सांगितलं.

त्याच तत्त्वांनी एक सीमाही आखली. अमली पदार्थविरोधी म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली येणारी औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. हेरॉइन किंवा अफूच्या व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी त्यातच येते. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, कारण ही गोळी बाजारात फिरते. पण तिच्यासाठी रुग्णाला पुनःपुन्हा प्रवास करावा लागतो आणि प्रवास चुकला की उपचार तुटतो, हेही खरं.

पंजाबने २०१७ पासून या गोळीसाठी सरकारी बाह्यरुग्ण केंद्रं उघडली आणि रुग्णांची नोंद मध्यवर्ती पोर्टलवर ठेवली. एकाच माणसाने दोन केंद्रांतून गोळ्या नेऊ नयेत हा हेतू. इथे संगणक उपचाराला मदत करतो आणि पहाराही देतो. उपचारासाठी आलेल्या माणसाला यातलं पहारा देणारं रूप आधी दिसतं. आपलं नाव सरकारी यंत्रणेत कायमचं चिकटेल, उद्या लायसन्सला, पोलीस भरतीला, मुलीच्या लग्नाला आडवं येईल, ही भीती त्याला दारातून परत पाठवू शकते. तशी नोंद ठेवायची असेल तर ती कोण बघू शकतं आणि कोण बघू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगायला हवं.

नोंद कुणाच्या हाती

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क आहे आणि डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तो लागू आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पुढे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. तरी व्यवहारात काय होतं? केंद्राचा ‘यशस्वी रुग्णांचा’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. अपॉइंटमेंटचा मेसेज केंद्राच्या नावासकट येतो आणि फोन चार्जिंगला लावलेला असतो वडिलांच्या दुकानात.

परदेशातही हे झालंय. दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या ‘मॉन्युमेंट’ या अमेरिकी कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये कारवाई केली. गुप्ततेचं आश्वासन देऊन ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याचा आरोप होता, आणि अशा ग्राहकांची संख्या ८४ हजारांपर्यंत सांगितली गेली. म्हणजे ज्याला दारूपासून लांब जायचंय, त्याची खूण जाहिरातवाल्यांच्या यादीत.

आणखी एक गोष्ट अमेरिकेतलीच. ‘पिअर थेरप्युटिक्स’ या कंपनीच्या ‘रीसेट’ अ‍ॅपला २०१७ मध्ये तिथल्या औषध नियामकाची परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठीच्या अ‍ॅपलाही. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचं अ‍ॅप, असा त्याचा गाजावाजा झाला. विमा कंपन्यांनी पुरेसे पैसे दिले नाहीत आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. व्यसनाचा आजार वीस-वीस वर्षं चालतो, कंपनी पाच-सहा वर्षांत संपते. तिच्याकडच्या नोंदींचं पुढे काय, हे केंद्राने करार करतानाच लिहून घ्यायला हवं.

आपल्या सरकारी मोहिमांबद्दलही एक तक्रार. १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान सुरू आहे. त्याचं मोबाइल अ‍ॅप आहे, केंद्रांचे ठावठिकाणे नकाशावर टाकले आहेत, हे चांगलंच. पण अ‍ॅपमध्ये प्रामुख्याने नोंद होते ती कार्यक्रमांची: किती शाळांत व्याख्यानं, किती जणांनी शपथ घेतली. घरी गेलेल्या रुग्णाला सहा महिन्यांत किती वेळा फोन गेला, हा रकाना मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तोच फोन, दोन्ही कामांना

एका गोष्टीकडे अ‍ॅप बनवणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. बऱ्याच केंद्रांत दाखल होताना रुग्णाचा फोन काढून घेतात, आणि घरी जाताना तोच परत देतात. त्या फोनमध्ये जुन्या मित्रांचा ग्रुप असतो, उधार देणाऱ्या बारवाल्याचा नंबर असतो, सोड्याच्या नावाखाली दारूच्या ब्रँडची जाहिरात असते. रोख पैसे बायकोकडे ठेवले तरी यूपीआय खिशात असतंच. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी पावडर विकणाऱ्यांच्या जाहिराती पूर्वी एसटी स्टँडच्या भिंतीवर असायच्या, आता फोनवर दिसतात. (अशा पावडरीत काय असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध नकळत दिलं आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.)

म्हणून घरी सोडण्याच्या दिवशी समुपदेशकाने रुग्णाबरोबर अर्धा तास बसून फोन साफ करून घ्यावा: कोणते नंबर काढायचे, कोणत्या ग्रुपमधून बाहेर पडायचं, यूपीआयची रोजची मर्यादा किती ठेवायची. याला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. फोन कुणाच्या मालकीचा आहे, घरात एकच आहे का, मेसेज कोण वाचतं, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. बायका आणि कॉलेजातल्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न सगळ्यात आधी. नवऱ्याच्या फोनवर जाणारा समुपदेशनाचा मेसेज एखाद्या बाईला महागात पडू शकतो.

घरच्यांनी केंद्र निवडताना अ‍ॅप आहे का एवढंच न विचारता पुढचं विचारावं. इशारा आला तर किती तासांत फोन येतो? रविवारी, दिवाळीत कोण असतं? समुपदेशक तोच राहतो की दर वेळी नवा? अ‍ॅप बंद करायचं ठरवलं तर उपचार थांबतो का? उत्तर देताना केंद्रातली व्यक्ती चाचरली, तर समजून घ्या.

सुरुवातीला सांगितलेले गृहस्थ जिल्हा रुग्णालयातून आठ दिवसांनी घरी आले. आता दुसऱ्या एका ठिकाणचे समुपदेशक त्यांना दर सोमवारी आणि शुक्रवारी रात्री आठला साध्या फोनवर दहा मिनिटं बोलतात. फोन उचलला नाही तर त्यांच्याच परवानगीने बायकोला, आणि तिनेही नाही उचलला तर मला. गोळ्या माझ्याकडे महिन्याला तपासून मिळतात, यकृताच्या चाचणीसह. मध्ये एकदा गणपतीत घसरले, तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितलं.

फोनवरून मदत हवी असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीतही. व्यसनमुक्तीसाठी वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पण दारू थांबवल्यावर फिट आली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या किंवा ताप चढला, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे पोचल्याबरोबर तीन गोष्टी सांगा: शेवटचं कधी प्यायले, रोज किती प्यायचे, आणि पूर्वी कधी फिट आली होती का.